आठ वर्षांच्या मुलाचा पाय: वाढणारा सांधा, रोटेशनप्लास्टी की अँप्युटेशन?

कृष्णाकाठची | १४ जून, रात्री ११.०५

नमस्कार. एरवी मी इथे फक्त पाककृती वाचते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

माझ्या भावाच्या मुलाला, वय आठ, डाव्या मांडीच्या हाडात गुडघ्याच्या अगदी वर ऑस्टिओसारकोमा (हाडाचा कॅन्सर) निघालाय. सुट्टीत अंगणात पडला होता, म्हणून सगळे मुका मार धरून बसले. तेल लावून झालं, लेप झाला. सूज काही उतरेना, आणि रात्री झोपेतून उठून रडायला लागला तेव्हा मिरजेला एक्सरे काढला. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि एवढंच म्हणाले, "इथे कुणालाही सुई लावू देऊ नका, बायॉप्सी पण नको. उद्याच मुंबईची गाडी धरा." तेव्हा आम्हाला त्यांचा रागच आला होता.

आता परळला केमो सुरू आहे. फुफ्फुसाचा सीटी स्वच्छ आलाय. केमोची पुढची काही चक्रं झाली की ऑपरेशन. डॉक्टरांनी तीन मार्ग सांगितलेत: ट्यूमरचं हाड काढून धातूचा वाढवता येणारा सांधा बसवायचा, किंवा रोटेशनप्लास्टी (गुडघ्याचा भाग काढून खालचा पाय उलटा फिरवून वर जोडायचा), किंवा मांडीतून पाय काढायचा. तिन्हीत जिवाला धोका सारखाच, म्हणाले, तुम्ही ठरवा.

घरात दोन तट पडलेत. भाऊ म्हणतो, पाय वाचतोय तर वाचवा, विषय संपला. वहिनी काहीच बोलत नाही. रोटेशनप्लास्टीचा फोटो मोबाईलवर दाखवला तर आई ताडकन उठली, "उलट्या पायाचं पोर? भुताचे पाय उलटे असतात," आणि देवघरात जाऊन बसली. भावाचं डोकं चालत नाहीये, म्हणून वाचून-विचारून सांगायचं काम माझ्याकडे आलंय.

यातून गेलेलं कुणी आहे का? 'सगळं छान होईल' कृपया लिहू नका, ते दिवसभर फोनवर ऐकतेय.

---

चिकणमाती | १४ जून, रात्री ११.४०

काही माहिती नाही, पण धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद देतेय.

---

अस्थिपंजर | १५ जून, सकाळी ६.५०

ताई, मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे. कॅन्सर हे माझं रोजचं काम नाही, पण शिकताना कॅन्सर युनिटला काम केलंय. तुमच्या डॉक्टरांच्या वर जाऊन सल्ला देणार नाही, त्यांच्याशी बोलताना उपयोगी पडेल एवढंच लिहितो.

आधी मिरजेच्या डॉक्टरांबद्दल. त्यांनी सुई न लावून मोठं काम केलंय. बायॉप्सीची सुई ज्या वाटेने जाते ती वाट कॅन्सरच्या पेशींनी दूषित झाली असं धरतात, आणि ऑपरेशनच्या वेळी ती सगळी वाट कापून काढावी लागते. म्हणून जो सर्जन पुढे ऑपरेशन करणार त्यानेच, किंवा त्याला विचारून, पुढच्या छेदाच्या रेषेत बायॉप्सी करायची असते. गावात कुणी आडवा छेद घेऊन गाठ उघडली की वाचू शकणारा पायही जातो. अशी मुलं मी पाहिली आहेत.

दुसरं, 'जिवाला धोका सारखाच' हे खरं आहे. १९८० च्या दशकापासून हे पडताळलं गेलंय: ट्यूमर भोवतालच्या निरोगी मांसाच्या वेष्टणासकट पूर्ण निघत असेल तर पाय ठेवला काय आणि काढला काय, जगण्याच्या प्रमाणात फरक पडत नाही. जीव वाचतो तो केमोने. केमो नव्हती तेव्हा पाय कापूनही पाचातलं जेमतेम एक मूल वाचायचं, कारण निदानाच्या वेळीच फुफ्फुसात डोळ्यांना न दिसणारं बी पडलेलं असायचं. आता आजार पसरलेला नसेल तर साधारण ६० ते ७० टक्के मुलं वाचतात.

ऑपरेशनच्या आधी केमो का, हे नातेवाईक नेहमी विचारतात. त्याची सुरुवात गमतीशीर आहे. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये प्रत्येक रुग्णाच्या मापाचा धातूचा सांधा बनून यायला दोन-तीन महिने लागायचे. तोवर हातावर हात ठेवून कसं बसायचं, म्हणून जेराल्ड रोझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच केमो सुरू केली. मग काढलेलं हाड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर काहींचा ट्यूमर जवळजवळ मेलेला! तेव्हापासून तीच रीत पडली. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात 'नेक्रोसिस', म्हणजे ट्यूमर किती मेला, किती टक्के ते येईल. ९० च्या वर असेल तर चांगलं. कमी आलं तरी धीर सोडू नका, ठरलेली उरलेली केमो पूर्ण करायची असते.

आता मुद्द्याचं. आठ वर्षांच्या मुलात खरी अडचण वाढीची आहे. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ खालच्या टोकाच्या वाढीच्या चकतीतून होते, म्हणजे ट्यूमर आहे तिथेच. वर्षाला एक सेंटिमीटरच्या आसपास. मुलगे सोळापर्यंत वाढतात असं धरलं तर एकट्या त्या चकतीची आठ सेंटिमीटर वाढ ट्यूमरबरोबर निघून जाणार. शिवाय सांध्याचा खालचा दांडा नडगीत बसतो, तिथल्या वाढीलाही थोडा धक्का लागतो. तेरा वर्षांची मुलगी असती तर मी म्हटलं असतं साधा सांधा बसवा, एक-दीड सेंटिमीटरचा फरक बुटात भरून निघतो. आठ वर्षांच्या मुलाला ते लागू नाही.

---

आबा_कराडकर | १५ जून, सकाळी ९.१५

ताई माझ्या मेहुण्याच्या गावाजवळ एक हाडवैद्य आहेत. मोडलेली हाडं नुसत्या पाल्याने जुळवतात. कापाकापी करण्याआधी एकदा दाखवायला काय हरकत आहे? केमोने पोरगं आणखी खंगतं.

---

अस्थिपंजर | १५ जून, सकाळी ९.४०

आबा, हरकत आहे. ट्यूमर असलेला पाय चोळायचा नाही, ओढायचा नाही, करकचून बांधायचा नाही. हाड आधीच पोखरलेलं असतं, ते मोडलं तर आतलं रक्त आणि पेशी सगळ्या मांडीत पसरतात आणि पाय वाचवणं अवघड होऊन बसतं. केमोच्या मध्ये गेलेले आठवडे परत मिळत नाहीत. तुमचा हेतू चांगला आहे म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

---

लंगडी_पळती | १५ जून, दुपारी १.२०

माझ्या नावावरून कळलं असेलच. पंधराव्या वर्षी हाच आजार, हीच जागा, उजवा पाय. आता चाळिशीकडे झुकलेय.

मला धातूचा सांधा बसवला होता, आपल्याकडेच बनलेला. तेव्हा परदेशी सांध्याची किंमत ऐकूनच वडील खाली बसले होते. चेन्नईचे डॉ. मयिलवाहनन नटराजन यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून देशी सांधे बसवायला सुरुवात केली, पुढे मुंबईच्या टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या डॉक्टरांबरोबर मिळून महाराष्ट्रातही बनू लागले. त्यामुळे माझ्यासारख्या कितीतरी जणांचे पाय घरच्यांना परवडले.

कृष्णाकाठची, तुझ्या भावाला 'पाय वाचला' म्हणजे नक्की काय ते कुणीतरी सांगायला हवं. मी चालते, नोकरी करते, जिना एकेक पायरी चढते. पळत नाही, उडी मारत नाही. मांडी घालून बसता येत नाही, पंगतीला मला खुर्ची लागते. सासरी पहिली दोन वर्षं पूजेला खुर्चीवर बसते म्हणून टोमणे खाल्ले. भारतीय संडास वापरता येत नाही, त्यामुळे लग्नकार्याला जायचं तर आधी तिथे कमोड आहे का विचारायचं. मेट्रोत दर वेळी मशीन वाजतं, दर वेळी तीच गोष्ट सांगायची. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात बसते तर सलवारमुळे काही दिसत नाही, म्हणून वाद घालणारे भेटतातच.

आणि सांधा कायमचा नसतो. माझा बारा-तेरा वर्षांनी सैल झाला, चालताना मांडीत कळ यायची. तो काढून दुसरा बसवला. हा पण कधीतरी बदलावा लागेल. सगळ्यात भीती इन्फेक्शनची. दात काढायचा असला तरी आधी हाडाच्या डॉक्टरांना विचारते. माझ्याबरोबर वॉर्डात असलेल्या एकाचा सांधा सहा वर्षांनी पिकला, साफसफाईची ऑपरेशनं होत राहिली आणि शेवटी पाय कापावाच लागला. तो आता म्हणतो, आधीच कापला असता तर माझं कॉलेज वाया गेलं नसतं.

मला माझ्या पायाचा पस्तावा नाही. पण मी पंधराची होते, उंची भरली होती. आठ वर्षांच्या पोराला अजून पन्नास-साठ वर्षं काढायची आहेत.

---

चिकणमाती | १५ जून, दुपारी २.०५

बापरे. लिहिल्याबद्दल आभार.

मुलाला टेरी फॉक्सबद्दल सांगा ना कुणीतरी. कॅनडाचा मुलगा, १९७७ मध्ये हाच कॅन्सर, उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापला, आणि १९८० मध्ये कृत्रिम पायावर देश पार करायला धावत निघाला. खूप प्रेरणा मिळेल.

---

लंगडी_पळती | १५ जून, दुपारी २.३०

मोठ्यांना सांगा. आठ वर्षांचं पोर पुढे विचारणार, 'मग पोचला का?' नाही पोचला, आजार फुफ्फुसात गेला आणि पुढच्या वर्षी तो गेला. मला वॉर्डात हीच गोष्ट तीन वेगवेगळ्या काकूंनी सांगितली होती.

---

थेम्सकाठी | १५ जून, रात्री १०.५०

आमच्या मुलीला नवव्या वर्षी लंडनमधल्या स्टॅनमोरला वाढणारा सांधा बसवला. हा प्रकार २००२ मध्ये तिथे वापरात आला. आत छोटं चुंबक आणि गिअर आहेत. ओपीडीत पाय एका गोल कॉइलमध्ये ठेवायचा, बटण दाबलं की आतलं चुंबक फिरतं आणि दांडा जुन्या ट्रान्झिस्टरच्या एरियलसारखा हळूहळू लांबतो. एक मिलिमीटरला सुमारे चार मिनिटं. भूल नाही, टाका नाही. मुलगी तेवढ्यात टॅबवर काहीतरी बघत बसायची. थोडी घरघर ऐकू येते, स्नायू ताणल्याने दोन दिवस दुखतं, मग फिजिओथेरपी करून गुडघा परत वाकवायचा.

हे वाचायला जादूसारखं वाटतं, म्हणून दुसरी बाजू पण लिहिते. सांध्याची वाढ ठरावीकच असते, ती संपली की मोठं ऑपरेशन करून बदलायचा. आमचा एकदा अडकला होता. आत चुंबक असल्याने एमआरआय सहजासहजी करता येत नाही. इथे सगळं सरकारी खर्चाने झालं. भारतात आयात करायचा तर देशी सांध्याच्या कितीतरी पट खर्च येतो असं ऐकलंय. अस्थिपंजर, बरोबर का?

---

अस्थिपंजर | १६ जून, सकाळी ७.१०

बरोबर. आपल्याकडे देशी वाढणारा सांधाही मिळतो, त्यात चुंबकाऐवजी स्क्रू असतो. दर वेळी भूल देऊन छोटा छेद घ्यायचा आणि किल्लीने तो फिरवायचा. स्वस्त पडतो, पण प्रत्येक छेदाबरोबर इन्फेक्शनची शक्यता थोडी वाढते.

मांडीतून अँप्युटेशनबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही: त्यातही वाढीची चकती जातेच. आठव्या वर्षी ठीक दिसणारा खुंट सोळाव्या वर्षी धडाच्या मानाने आखूड पडतो, आणि आखूड खुंटावर कृत्रिम पाय चालवायला फार ताकद लागते. त्यामुळे रोटेशनप्लास्टी हसण्यावारी नेऊ नका.

---

निमा_ठाणे | १६ जून, दुपारी १२.००

माझ्या मुलीला यूइंग सारकोमा (हाडाचाच दुसऱ्या प्रकारचा कॅन्सर) होता, नडगीच्या मधोमध. तिचं स्वतःचंच हाड वापरलं. ऑपरेशन चालू असताना ट्यूमरचा तुकडा काढला, साफ केला, निर्जंतुक वेष्टणात गुंडाळून रेडिएशनला पाठवला. माणसाला सहन होणार नाही एवढा डोस एका दमात, ५० ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक). मग तोच तुकडा परत आणून प्लेट-स्क्रूने जागेवर बसवला. आम्ही बाहेर बसलो होतो आणि आतून एक वॉर्डबॉय डबा घेऊन भराभर गेला. नंतर कळलं त्यात तिचं हाड होतं!

माप अगदी नेमकं बसतं आणि सांध्याचा खर्च नाही. पण ते हाड मेलेलं असतं, दोन्ही टोकांना जुळायला महिने लागतात, तोवर वजन टाकायचं नाही. एक टोक पटकन जुळलं, दुसरं हट्टी निघालं, कमरेचं हाड भरावं लागलं. आता सायकल चालवते.

तुमच्या बाबतीत ट्यूमर सांध्याला लागून आहे, म्हणून डॉक्टरांनी हा मार्ग धरला नसावा. तरी विचारा. विचारायचे प्रश्न वहीत लिहून न्या, ओपीडीत समोर बसलं की सगळं विसरायला होतं.

---

पायवाट | १६ जून, रात्री ९.३५

मी कृत्रिम पाय बनवतो. रोटेशनप्लास्टीची मुलं माझ्याकडे येतात, त्यामुळे आजींच्या भुताबद्दल मीच लिहावं.

नक्की काय करतात ते आधी. गुडघ्यासकट मांडीचा ट्यूमरवाला भाग काढतात, पण पायाकडे जाणारी मोठी नस (मज्जातंतू) तशीच ठेवतात. रक्तवाहिनी जमली तर गुंडाळून ठेवतात, नाहीतर तेवढा भाग कापून जोडतात. उरलेला खालचा पाय वर आणून १८० अंशांत फिरवतात आणि नडगी मांडीच्या हाडाला प्लेटने जोडतात. टाच पुढे, बोटं मागे. घोटा पुढे मोठेपणी दुसऱ्या गुडघ्याच्या पातळीवर येईल असा हिशोब करून जोडलेला असतो, कारण नडगीच्या खालच्या टोकाची वाढ शाबूत असते. आता तो घोटा म्हणजेच गुडघा. पाऊल माझ्या सॉकेटमध्ये (कृत्रिम पायाच्या वरच्या खोबणीत) जातं. मुलाने पंजा खाली दाबला की कृत्रिम पाय सरळ होतो, वर उचलला की वाकतो.

मांडीतून कापलेल्या मुलाचा गुडघा यांत्रिक असतो, त्याला स्वतःचा जोर नसतो. या मुलांचा गुडघा त्यांच्या स्वतःच्या स्नायूंवर चालतो. तळव्याला जमीन कळते, वजन घ्यायची सवय त्या तळव्याला जन्मापासूनची आहे. कापलेला पाय दुखल्याचा भास सहसा होत नाही, कारण नस कापलेलीच नाही. आत बदलायचा सांधा नाही. धावतात, क्रिकेट खेळतात, भांडतात पण. माझ्याकडच्या एकाने वर्गात पाय काढून दाखवायचे दोन रुपये लावले होते, बाईंनी बंद पाडलं.

ही कल्पना नवी नाही. जर्मनीत बोर्गग्रेव्ह यांनी १९२७ मध्ये क्षयाने गुडघा गेलेल्या मुलावर केली होती, कॅन्सरसाठी व्हिएन्नाला साल्झर यांनी १९७४ पासून वापरली.

त्रास कुठे आहे? दिसण्यात. पँट घातली की कळत नाही, पण अंघोळीला, पोहायला, पुढे लग्नाच्या वेळी तो प्रश्न येतोच. मूल लहान असेल तर स्वतःशी पटकन जुळवून घेतं, घरच्यांना वेळ लागतो. मूल वाढेल तसा पाय बदलावा लागतो, सॉकेट दर वर्ष-दीड वर्षाला. जखम भरायचा आणि रक्तपुरवठ्याचा धोकाही आहे, आणि हे ऑपरेशन नेहमी करणाऱ्या हातांनीच व्हावं.

माझं ऐकाल तर डॉक्टरांना एकच सांगा: हे झालेलं एखादं मूल आम्हाला भेटवा. फोटो बघून ठरवू नका, फोटोत ते खरंच भयाण दिसतं.

---

लंगडी_पळती | १६ जून, रात्री ९.५०

दोन रुपये +१

---

परळचा_शेजारी | १७ जून, सकाळी ८.००

वैद्यकीय काही नाही, राहण्याचं लिहितो. सेंट ज्यूडच्या केंद्रांत (परळ, कॉटन ग्रीन, खारघर) लहान मुलाला आई-वडिलांबरोबर मोफत राहता येतं, स्वयंपाकघर सामाईक. तिथे थेट जाऊन चालत नाही, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातून चिठ्ठी लागते. यादी मोठी असते, आजच नाव घाला. तोवर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. काउंट पडलेले (केमोने रक्तातल्या पेशी कमी झालेल्या) असताना मुलाला गर्दीच्या हॉलमध्ये ठेवू नका.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार दोन्हीवर नाव सारखं आहे का बघा. इथे नावातल्या एका वेलांटीने लोकांचे आठवडे गेलेत. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना-येताना स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के. फॉर्मवर रुग्णालयाचा सही-शिक्का लागतो.

---

कृष्णाकाठची | २९ जुलै, सायंकाळी ५.२०

इतके दिवस लिहिलं नाही, माफ करा. मध्ये काउंट पडले, ताप आला, सगळं पुढे गेलं.

पायवाट, तुमचं ऐकून डॉक्टरांना विचारलं. त्यांनी फॉलोअपला आलेल्या एका बारा वर्षांच्या मुलाला थांबवून घेतलं. आमच्या पोराने सगळ्यांच्या आधी त्याला विचारलं, "सायकल येते?" तो म्हणाला, "येते, तुझी कुठली आहे?" मग दोघं गिअरवाल्या सायकलींवर बोलत बसले. भाऊ आधी खिडकीतून बाहेर बघत होता. नंतर त्या मुलाच्या वडिलांना घेऊन चहाला गेला आणि तासाभराने आला.

रोटेशनप्लास्टी ठरलीय. एमआरआयमध्ये ट्यूमर आक्रसलाय, रक्तवाहिनी मोकळी आहे. आईचं अजून पटलेलं नाही, ती भावाशी बोलत नाही, पोराशी बोलते. वहिनीने मात्र त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि डॉक्टरांना केमोने कानावर काय परिणाम होतो ते विचारलं. आम्हाला कुणाला सुचलं नव्हतं.

दोन प्रश्न आहेत. पाय कधी बसवतात? आणि शाळेचं काय?

---

अस्थिपंजर | २९ जुलै, रात्री ८.१५

वहिनींचा प्रश्न अचूक आहे. केमोतल्या सिस्प्लॅटिन या औषधाने कान जाऊ शकतात, त्यामुळे श्रवण चाचणी केमोच्या मध्येही करून घ्या. डॉक्सोरुबिसिन या दुसऱ्या औषधामुळे हृदयाची इको पुढे अनेक वर्षं लागते, पाय छान झाला म्हणून ती बंद करायची नाही. ऑपरेशननंतर जखम भरली की केमो परत सुरू होते, त्याआधी तापाची शंका जरी आली तरी फोन करा.

---

पायवाट | २९ जुलै, रात्री ९.००

हाड जुळायला काही महिने लागतात, केमो चालू असल्याने जरा जास्तच. तोवर कुबड्या. पण घोट्याचा व्यायाम डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून सुरू करा. घोटा जेवढा मोकळा, तेवढा पुढे गुडघा चांगला. बाजूने चेन असलेल्या सैल हाफपँटी शिवून घ्या, ड्रेसिंगला फार उपयोगी पडतात. पहिला पाय तात्पुरता असतो, त्यावर चालायला शिकवायचं आणि सूज उतरली की पक्क्याचं माप घ्यायचं. तात्पुरत्या पायाचा रंग वेगळा दिसला म्हणून भांडू नका, सगळे भांडतात.

---

लंगडी_पळती | २९ जुलै, रात्री ९.४०

शाळेसाठी वेगळा धागा काढ, हा फार लांबलाय. त्यात तळमजल्यावरचा वर्ग, परीक्षेला जादा वेळ आणि दिव्यांग प्रमाणपत्र हे तिन्ही लिही, मी तिथे येते.